राठ केसांची कैफियत

दिल्लीच्या लोदी रस्त्यावर मौसम भवन नावाची हवामान खात्याची जी इमारत आहे, तिचा स्त्रियांच्या वेणीफणीशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. परंतु हवामानशास्त्राच्या इतिहासात मनुष्याच्या केसाला केवढे मानाचे स्थान आहे हे ज्यास ठाऊक आहे, त्यास हा संबंध दूरान्वयाचा वाटू नये. १७८३ साली जिनीव्हाच्या होरास बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने हवेतील आर्द्रता मोजण्याच्या आपल्या यंत्राचे विवरण प्रसिद्ध केले, आणि त्या यंत्राचा प्राण होता ताणून बसविलेला मानवी केस. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि अगदी शुष्क हवेपासून अगदी ओल्या हवेपर्यंत जाता त्याच्या लांबीत शंभरात दोन-अडीच भागांचा फरक पडतो, एवढ्या साध्या गुणधर्माच्या बळावर या जातीची यंत्रे पुढे दीर्घकाळ जगभर चालली. आपल्या वेधशाळांतूनही केसांच्या जुडीवर चालणारे आर्द्रतालेखक फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर अहोरात्र रेघ ओढीत असत.

सोस्यूरच्या खटाटोपातील एक बारकावा मात्र आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. केस यंत्रात बसविण्यापूर्वी तो सोड्याच्या द्रावणात उकळून त्यावरील स्निग्धांश समूळ काढून टाकावा लागे, कारण तेलाने माखलेला केस हवेच्या चढउतारांना तत्काळ प्रतिसाद देत नाही. यंत्रकाराला हवा असलेला केस असा निस्तेल, उघडा आणि हवेच्या प्रत्येक लहरीपुढे हजर होणारा. तर घरातल्या बाईमाणसाला हवा असलेला केस नेमका याच्या उलट. तेव्हा कोरडे, पिंजारलेले, हात लावताच काटेरी वाटणारे केस हा काही रोग नव्हे किंवा कुळाचा दोषही नव्हे. ज्याचे कवच झिजले आहे असा केस भोवतालच्या हवेपाण्याची नोंद करीत असतो, इतकाच त्याचा अर्थ. त्याला सुधारण्याचे जे उपाय खरोखर लागू पडतात ते मोजके आणि स्वस्त आहेत, जे महाग आहेत ते पुष्कळदा अनावश्यक आणि क्वचित घातक आहेत, आणि जे कोणा एकट्यादुकट्याच्या हातचे नाहीत त्यांचा जाब कारभाऱ्यांना विचारला पाहिजे, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वृत्तपत्राच्या स्तंभात केसांची चर्चा कशाला, अशी पृच्छा करणारे सद्गृहस्थ आजही भेटतील. त्यांना इतकेच स्मरण द्यावे की स्त्रीच्या मस्तकावरील केस हा आपल्या समाजात कधीच केवळ न्हाणीघरातला विषय नव्हता. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून विधवांच्या मस्तकावर वस्तरा न चालविण्याचा जो निर्धार केला, तो आपल्या सामाजिक इतिहासात नमूद आहे. त्या काळी केस ठेवण्याचा अधिकार मागावा लागला. आज केस कसे असावेत याचे फर्मान बाजार काढतो, आणि ते फर्मान सरळ, चकचकीत व एकसारख्या केसांचे असते. दोन्ही प्रसंगी निकाल देणारे भलतेच आणि शिक्षा भोगणारी मात्र तीच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव तंतू असून त्याच्या गाभ्यावर सूक्ष्म खवल्यांचे थर घराच्या कौलांसारखे एकावर एक, टोकाच्या दिशेने उतरते बसविलेले असतात, आणि या खवल्यांवर एका मेदाम्लाचा अत्यंत पातळ थर निसर्गतःच असतो. हा थर शाबूत व खवले मिटलेले असले की प्रकाश एका दिशेने परावर्तित होतो, शेजारचे केस एकमेकांवरून सुरळीत घसरतात, आणि त्यालाच आपण तुकतुकी म्हणतो. थर धुऊन गेला, खवले उचलले गेले की केस केसात अडकतो, गुंता होतो आणि हवेतले बाष्प आत-बाहेर करू लागते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंत पोचलेल्या साठ सेंटिमीटर लांबीच्या वेणीचे टोक पाच वर्षांचे जुने असते. दिल्लीचे पाच उन्हाळे, पाच हिवाळे आणि शेकडो न्हाणी त्याने सोसलेली असतात. मुळाशी काल उगवलेला केस आणि टोकाचा हा वयोवृद्ध केस यांना एकच नियम लावणे हीच पहिली चूक, आणि बहुतेक घरांत ती राजरोस घडते. फाटे फुटलेले टोक सांधणारे औषध जगात नाही. ते कात्रीनेच काढावे लागते.

आता दिल्लीची हवा. हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९४४ साली पुण्याहून दिल्लीस हलले, आणि त्याच वाटेने सरकारी नोकरीच्या निमित्ताने, पुढे गुरुग्राम-नोएडाच्या संगणक कंपन्यांच्या निमित्ताने, कितीतरी मराठी कुटुंबे राजधानीच्या मुलुखात येऊन राहिली. रत्नागिरीच्या किंवा दादरच्या दमट हवेत जो केस आयुष्यभर निमूटपणे वेणीत बसला, तोच द्वारकेच्या सदनिकेत येताच वर्षाच्या आत बंड करून उठतो, याचा अनुभव पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनातील हळदीकुंकवाला जमलेल्या कोणत्याही चार बायकांना विचारावा. मे-जूनमध्ये राजस्थानच्या बाजूने वाहणारी लू केसातला उरलासुरला ओलावा शोषून घेते; जुलै-ऑगस्टमध्ये हवा एकाएकी ओलीचिंब होते आणि उन्हाळ्यात कवच गमावलेला केस ते बाष्प अधाशासारखे पिऊन वाटेल तसा फुगतो व वळतो; डिसेंबर-जानेवारीत खोलीत हीटर लागला की हवा इतकी सुकते की कंगवा फिरवताच तडतड आवाज होऊन केस विजेने उभे राहतात. त्यात दिवाळीपासून साचत जाणारे धुराचे आणि धुळीचे पुट. कोकणच्या किंवा देशावरच्या केसाला इतक्या परस्परविरोधी ऋतूंची सवय नसते, आणि आईने सांगितलेला एकच एक शिरस्ता बारमाही चालविला तर तो येथे निभत नाही.

हवेनंतर पाणी. भारतीय मानक संस्थेच्या पेयजलाच्या मानकानुसार पाण्याचा एकूण जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने, लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेण्याजोगा मानला आहे. यमुनेचे वजिराबादला उचललेले किंवा गंगेच्या कालव्यातून सोनिया विहारला आलेले पाणी ज्यांच्या नळाला पोचते ते या बाबतीत सुदैवी. परंतु नजफगढच्या बाजूला, गुरुग्रामच्या नव्या सेक्टरांत आणि नोएडाच्या पुष्कळ वसाहतींत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी कालव्याच्या पाण्यात मिसळून येते, आणि त्याचे प्रमाण काय हे सोसायटीच्या चिटणिसालाही सांगता येत नाही. तेथील कोणत्याही न्हाणीघरात जाऊन पाहावे: नळाच्या तोंडाशी पांढरी, खरबरीत पापुद्र्यांची दाढी, फवाऱ्याची निम्मी भोके बुजलेली, काळ्या फरशीवर पाणी वाळले की भुरकट नकाशे. साबणाची वडी कितीही घासली तरी फेस म्हणून येत नाही. येतो तो चिकट पांढरा साका, आणि तो केसांच्या उचललेल्या खवल्यांत जाऊन बसतो. न्हाऊन आलेली बाई केस वाळल्यावर बोटांनी चाचपते आणि म्हणते, "धुतले तरी न धुतल्यासारखेच वाटतात!" तिचे म्हणणे अक्षरशः खरे असते.

तथापि पाण्यावर सगळा ठपका ठेवून मोकळे होणेही रास्त नाही. कोइमतूरच्या डॉक्टरांनी २०१३ साली जड पाण्यात व ऊर्ध्वपातित पाण्यात केस वारंवार भिजवून त्यांची ताणशक्ती तपासली, तेव्हा दोहोंत उल्लेखनीय फरक आढळला नाही. पुढे पाकिस्तानातील संशोधकांना मात्र जड पाण्याने बळ कमी होताना दिसले. तेव्हा जड पाण्याने केस तुटतातच असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, त्यांचा स्पर्श बिघडतो एवढेच निर्विवाद. घाईने पाण्याकडे बोट दाखविण्याचे एक ताजे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या गावांत माणसांची डोकी तीन-चार दिवसांत टकली होऊ लागली तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. विंचूदंशावरील संशोधनाने ख्यातनाम झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासाअंती जो निष्कर्ष मांडला तो मात्र शिधावाटपाच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाचा होता. केस गळणे आणि केस राठ होणे या भिन्न गोष्टी आहेत. पण शहानिशेआधी निकाल देऊ नये, हा धडा दोहोंना लागू आहे. केस अकस्मात कोरडे पडले, सोबत थकवा आणि गळतीही असली, तर थायरॉइडची आणि रक्तातील लोहाची तपासणी करून घ्यावी. तेथे तेल-पाण्याचा उपयोग नाही.

या जडपणावरचे उपाय म्हणून जे विकले जाते त्याचाही जमाखर्च मांडला पाहिजे. फवाऱ्याला बसविण्याच्या ज्या छोट्या गाळण्या आज घरोघर दिसतात, त्यांतील बहुतेक क्लोरीन कमी करतात, जडपणा काढीत नाहीत. तो काढायचा तर राळेच्या मण्यांवरून पाणी नेऊन त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम घालणारे आणि वेळोवेळी मिठाने ताजेतवाने करावे लागणारे यंत्र बसवावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रातून बादल्या भरभरून न्हाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ते यंत्र जितके पाणी देते त्याहून अधिक पुष्कळदा मोरीत सोडते. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने या उधळपट्टीची दखल घेऊन, जेथे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे तेथे अशा यंत्रांना मनाई करण्याची सूचना केंद्र सरकारला केली होती. न्हाणे नळाच्याच पाण्याने करून अखेरचे एक-दोन तांबे तेवढे मऊ पाण्याचे घ्यावेत, एवढ्यावर काम भागते.

आपल्या पूर्वजांचे शास्त्र आधुनिक रसायनशास्त्राच्याही पुढचे होते असे म्हणण्याचा मोह अलीकडे फार बळावला आहे, आणि प्रस्तुत लेखकाला तो मुळीच मान्य नाही. परंतु शिकेकाई व रिठा यांच्या बाबतीत अनुभवाने शोधलेली युक्ती रसायनशास्त्राच्या कसोटीला उतरते हे कबूल केले पाहिजे. साबण जड पाण्यात साका धरतो, कारण त्यातील मेदाम्लाशी कॅल्शियमची गाठ पडून न विरघळणारा क्षार होतो. शिकेकाईतील आणि रिठ्यातील फेसद्रव्य निराळ्या घडणीचे असल्याने ते तसे साकळत नाही. शिवाय साबण क्षारधर्मी, म्हणजे सोस्यूरच्या सोड्याचाच भाऊबंद, तर शिकेकाईचा काढा किंचित आम्ल. खवले मिटलेले राहण्यास आम्लता अनुकूल असते. विहिरीच्या मचूळ पाण्यावर ज्यांचे आयुष्य गेले त्या बायकांनी शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा आणि संत्र्याची साल यांची भुकटी उकळून न्हाण्याचा जो मामूल पाडला तो काही उगीच नव्हे. दिल्लीत हे सारे जिन्नस खारी बावलीच्या बाजारात पोत्याने मिळतात. अर्थात रोज नोकरीला जाणाऱ्या मुलीने पहाटे उठून काढा उकळावा असा आग्रह कोणी धरू नये. सौम्य शाम्पू आणि त्यामागून लावण्याचे कंडिशनर यांनी तेच कार्य साधते. कंडिशनरमधील धनभारित द्रव्य झिजलेल्या केसाच्या ऋणभारित पृष्ठाला आपोआप चिकटते आणि पाण्याने पुरते निघून जात नाही. म्हणून ते टाळूला न लावता मानेखालच्या केसांना, विशेषतः त्या वयोवृद्ध टोकांना लावावे. ते शंभर-दीडशे रुपयांचे असले काय आणि दीड हजाराचे असले काय, कार्याचे तत्त्व एकच.

तेलाविषयी आपल्याकडे श्रद्धा उदंड, चिकित्सा थोडी. ती चिकित्सा मुंबईत झाली. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज अशा तीन तेलांची तुलना केली. त्यांतील एकटे खोबरेल केसाच्या अंतर्भागात शिरून धुण्यामुळे होणारा प्रथिनांचा ऱ्हास कमी करते, उरलेल्या दोहोंना ते साधत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान व सरळ साखळीचा असल्याने त्याला आत वाट मिळते, ही त्याची उपपत्ती. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत झाले हे सांगितले नाही तर वाचकाची फसगत होईल; पण निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकात छापून चर्चिला गेला आहे आणि दोन दशकांत त्याला कोणी निर्णायक छेद दिलेला नाही. त्याचा व्यावहारिक बोध असा की तेल न्हाल्यानंतर मिरविण्यासाठी नव्हे, न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा दोनचार तास आधी लावावयाचे असते, म्हणजे पाण्याने केस फुगण्याला आळा बसतो. बाजारात "हलके, न चिकटणारे" म्हणून खपणाऱ्या सुगंधी तेलांच्या बाटलीवरील बारीक अक्षरांत द्रव पॅराफिन आहे की काय हे वाचून पाहावे. ते वरून चकाकी देते, आत जात नाही.

दिल्लीच्या हिवाळ्यात या खोबरेलाची एक निराळीच तऱ्हा होते. पारा चोवीस अंशांच्या खाली उतरला की ते थिजू लागते, आणि जानेवारीत तर निळी बाटली उलटी करून कितीही थोपटली तरी थेंब गळत नाही. मग ती गॅलरीतल्या अर्ध्या तासाच्या उन्हात किंवा कढत पाण्याच्या भांड्यात उभी करावी लागते. सांगलीहून आई फोनवर विचारते, "अगं, तेल तरी लावतेस की नाही?" आणि लेक उत्तरते, "लावते गं, आधी ते विरघळू तर दे!" तेल लावून तसेच चार दिवस धुळीच्या रस्त्यांवरून हिंडणे मात्र येथे परवडणारे नाही, कारण दिल्लीची धूळ तेलाला चिकटून केसांचे कल्याण होण्याऐवजी चिखल होतो, आणि ज्यांना कोंडा आहे त्यांनी टाळूला तेल चोळूच नये, कारण कोंड्याला हातभार लावणारी बुरशी त्याच स्निग्धांशावर पोसते.

न्हाण्याची रीत हाही दुर्लक्षिलेला विषय आहे. ओला केस सुक्या केसापेक्षा दुबळा व ताणला जाणारा असतो, आणि नेमक्या त्याच अवस्थेत त्यावर सर्वाधिक अत्याचार होतात: पंचाला पीळ घालून केस फटाफट झोडपणे, खरखरीत टर्किश टॉवेलने घुसळणे, मग घाईने मुळापासून टोकापर्यंत बारीक फणी ओढणे. त्याऐवजी जुन्या धोतराच्या किंवा सुती सदऱ्याच्या मऊ कापडात केस गुंडाळून पाणी टिपून घ्यावे. केस थोडे दमट असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने प्रथम खालची चार बोटे, मग त्यावरची चार बोटे, असे टोकाकडून मुळाकडे चढत गुंता सोडवावा, आणि गाठ आलीच तर एका हाताने गाठीच्या वर केस घट्ट धरून दुसऱ्या हाताने ती सोडवावी, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोचत नाही. ओल्या केसांना तापती इस्त्री तर कधीही लावू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तो जागच्या जागी मोडतो. कुरळ्या केसांना एक अधिक सवलत हवी, कारण टाळूतून निघणारा निसर्गदत्त स्निग्धांश वळणावळणांच्या वाटेने टोकापर्यंत उतरतच नाही; ते कोरडेच विंचरणे म्हणजे त्यांना स्वहस्ते पिंजणे होय. उन्हाळ्यात बाहेर पडताना डोक्यावर ओढणी किंवा पदर घेण्याची उत्तरेतील रीत केवळ मर्यादेची नाही, ती लूविरुद्धची तजवीज आहे, आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

इतके सगळे करण्यास धीर लागतो, आणि धीर नसलेल्यांसाठी ब्यूटी पार्लर उघडे असते. लाजपतनगरपासून गुरुग्रामच्या मॉलपर्यंत कोठेही साधे केस कापून घेण्यास बसले की मागे उभी असलेली मुलगी दोन बटा बोटात धरून आरशाला सांगते, "मॅम, बाल बहुत रफ हो गए हैं, पानी ही ऐसा है इधर का. केराटिन करवा लीजिए." पाण्याचे निदान बरोबर, इलाज मात्र काही हजारांचा. या उपचारात केसांवर द्रव चोपडून तप्त इस्त्रीने ते दाबून बसवितात, आणि काही महिने केस खरोखरच गुळगुळीत राहतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न त्या द्रवात काय असते हा आहे. या जातीच्या पुष्कळ द्रावणांतून तापविल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि त्या वायूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच मनुष्याला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. "फॉर्माल्डिहाइडमुक्त" अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या अशाच एका मालाबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली उत्पादकाला इशारापत्र धाडले होते. फॉर्माल्डिहाइडच्या ऐवजी वापरात आलेल्या ग्लायॉक्सिलिक आम्लाचीही कीर्ती निष्कलंक नाही: २०२४ साली फ्रेंच डॉक्टरांनी एका तरुणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, जिचे मूत्रपिंड केस सरळ करण्याच्या प्रत्येक उपचारानंतर, असे तीन वेळा, दुखावले गेले होते. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांच्या सुमारे अकरा वर्षांच्या निरीक्षणातून २०२२ साली असे दिसले की केस सरळ करणारी रसायने वर्षातून चारहून अधिक वेळा वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता दुपटीहून अधिक होती. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे; मूळ धोका अल्प आहे, आणि सरसकट भयभीत होण्याचेही प्रयोजन नाही. परंतु ग्राहक वर्षातून एकदा येते व जाते. ती इस्त्री फिरविणारी मुलगी मात्र हिवाळ्यात दारेखिडक्या बंद केलेल्या खोलीत दिवसातून चारपाच वेळा तोच धूर हुंगते, आणि तिच्या नाकावर बहुधा साधी पट्टीही नसते. डोळे चुरचुरले तर "थोड़ा सा लगेगा" म्हणून ती ग्राहकाला धीर देते. तिला धीर देणारे कोणी नाही.

कायदा आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. १९४० सालचा औषधे व प्रसाधने कायदा आहे, २०२० सालची प्रसाधन नियमावली आहे, आणि त्यांचा अंमल पाहणारे केंद्रीय दफ्तर याच दिल्लीत कोटला रस्त्यावर आहे. उणीव आहे ती शेवटच्या पायरीवर: बाटलीवरील घटकद्रव्यांची यादी वाचण्याचा हक्क ज्या ग्राहकाला आहे, तिच्यापुढे बाटली येतच नाही, येते ती वाटीत ओतलेली, ब्रशने ढवळलेली लापशी. केसांच्या नुकसानीची दाद लागते कशी याचाही एक प्रसिद्ध दाखला दिल्लीचाच. २०१८ साली येथील एका पंचतारांकित हॉटेलातील केशकर्तनालयात सांगितल्याहून फार आखूड केस कापले गेले, आणि भरपाईदाखल केलेल्या फुकट उपचाराने टाळूला इजा झाली, अशी फिर्याद केशप्रसाधनांच्या जाहिरातींतून काम करणाऱ्या एका तरुणीने राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे रुजू केली. आयोगाने २०२१ साली तिला दोन कोटी रुपयांची नुकसानभरपाई देवविली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३च्या फेब्रुवारीत सेवेतील कसुरीच्या निष्कर्षाला हात लावला नाही, पण एवढ्या रकमेला पुराव्याचा आधार हवा म्हणून प्रकरण आयोगाकडे परत पाठविले. रकमेवरून पुष्कळांनी थट्टा केली. परंतु केसांची हानी ही सेवेतील कसूर ठरू शकते हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले, आणि सामान्य बाईच्या दृष्टीने दोन कोटींहून मोलाचे ते आहे.

म्हणून दोन मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली गृहसंस्थांकडे: देखभालखर्चाचा ताळेबंद जसा सूचनाफलकावर लागतो, तसाच दर महिन्याच्या पाण्याच्या जडपणाचा आकडा व त्या पाण्याचा स्रोत तेथे लिहावा, ही चाचणी साध्या संचाने पाच मिनिटांत होते, आणि आकडा समोर आला म्हणजे कोणाला खरोखर यंत्र हवे आणि कोण उगाच गाळण्या विकत घेतो आहे याचा निवाडा होईल. दुसरी औषध प्रशासनाकडे: ज्या दुकानात तापवून केस सरळ केले जातात तेथे हवेशीर खोली, काम करणाऱ्यांना संरक्षक साधने आणि मूळ बाटली ग्राहकापुढे उघडण्याची सक्ती असावी, आणि वर्षातून एकदा तरी नमुने घेऊन त्यांची तपासणी व्हावी. यांतील एकही गोष्ट खर्चाची नाही. इच्छाशक्तीची मात्र आहे.

आणि ग्राहकाकडे मागणे याहून लहान. लग्नाच्या मुहूर्तासाठी एखाद्या मुलीला केस सरळ करून घ्यावेसे वाटले तर त्यावर नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. कुरळे केस कुरळे ठेवण्याचा अधिकार जितका तिचा, तितकाच हाही तिचा. पण खुर्चीत बसण्यापूर्वी तिने बाटली मागावी, उजेडात धरून घटकद्रव्ये वाचावीत, नावे अपरिचित असतील तर त्यांचे छायाचित्र घेऊन घरी यावे आणि त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे. मुहूर्त चार दिवसांनी टळत नाही आणि दुकानही पळून जात नाही. ज्या द्रव्याचे नाव सांगण्याची दुकानदाराची तयारी नाही, ते आपल्या मस्तकावर लावून घेण्याची तयारी ग्राहकानेही ठेवू नये.